रुक्मिणीचे भाऊबंद आणि त्यांचे टीकाकार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला जेव्हा विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा असावी की मी कापसाचे भाव, किमान वेतन किंवा जिनातल्या हंगामी कामगारांचे हाल यांपैकी काहीतरी सांगेन. गेली तीस वर्षे मी तेच सांगत आलो आहे आणि आपण ते सहनही केले आहे. आज मात्र मी साहित्याच्या अंगणात पाय टाकणार आहे. माझे शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या कंदिलाखाली. तेव्हा पंडितांनी चूक काढली तर मला राग येणार नाही. किंबहुना चूक कशी काढावी, हाच माझा आजचा विषय आहे.

तरुण मुलांमध्ये हल्ली एक प्रकार रूढ झाला आहे. त्याला ती ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. आपल्याला आवडलेल्या कथेतली, कादंबरीतली किंवा सिनेमातली पात्रे घ्यावयाची आणि मूळ लेखकाने जे सांगितले नाही ते आपण रचावयाचे. पुढे काय झाले, पडद्यामागे काय झाले, खलनायकाच्या मनात काय होते, याचा हा खेळ. पुष्कळ वडीलधारे याला पोरखेळ म्हणतात. स्वतःचे काही सुचत नाही म्हणून दुसऱ्याच्या शेतात नांगर घालतात, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्या दारातच आहे.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्याच काठी, वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर ते हेच, अशी आपली श्रद्धा. ही विदर्भाची लेक भागवतातल्या थोड्याशा अध्यायांत येते, श्रीकृष्णाला निरोप धाडते, देवीच्या दर्शनाला जाते आणि रथात बसून निघून जाते. कथा तेवढीच. पण मराठी माणसाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. तेराव्या शतकात महदंबेने रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या पुढे या विवाहाचे धवळे प्रसंगीच रचून म्हटले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो ते याच गीतांमुळे. नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. भास्करभट्ट बोरीकराने ‘शिशुपालवध’ रचला. पुढे एकनाथांनी काशीत बसून शके १४९३ मध्ये, म्हणजे इ. स. १५७१ साली, पुन्हा रुक्मिणीस्वयंवरच लिहिले. यांतल्या एकानेही पात्रे स्वतः निर्मिली नाहीत. सगळ्यांनी दुसऱ्याच्याच शेतात नांगर घातला आणि पीक असे काढले की सातशे वर्षे आपण ते खात आहोत.

नरेंद्राची एक कथा महानुभाव परंपरेत सांगतात. रामदेवराव यादवाच्या दरबारी त्याने काव्य वाचून दाखविले. राजा इतका खूश झाला की ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, पण ग्रंथावर माझे नाव घाल, असे म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. कवींच्या कुळाला त्याने बोल लागेल, असे त्याचे म्हणणे. मला ही कथा फार आवडते, कारण मजुरी आणि विक्री यांतला भेद त्या कवीला कळला होता. परंतु आजच्या विषयाला तिच्याहून जवळची कथा भास्करभट्टाची आहे. ती थोडी सविस्तर सांगतो.

भास्करभट्ट हा महानुभाव पंथातला पंडित. संस्कृतात माघाचे ‘शिशुपालवध’ प्रसिद्धच आहे, आणि भागवत तर घरोघरी. हे दोन्ही पुढ्यात घेऊन त्याने मराठी ओवीत काव्य केले. नाव शिशुपालाच्या वधाचे. पण कवीचे मन रमले ते श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या प्रेमकलहात, रुसव्याफुगव्यात, वसंताच्या वर्णनात आणि जलक्रीडेत. ज्याने ते वाचले त्याला ठाऊक आहे की शिशुपाल बिचारा बराच वेळ दाराबाहेर ताटकळत राहतो! काव्य पुरे झाल्यावर कवीने ते आपल्या एका वडील गुरुबंधूस दाखविले. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात त्याची आठवण आहे. गुरुबंधूने वाचले आणि अभिप्राय दिला, तो एवढाच की ग्रंथ चांगला उतरला आहे, परंतु संसार सोडलेल्या माणसाच्या कामाचा नाही. तो शृंगारात रमणाऱ्यांच्या कामाचा झाला आहे.

या अभिप्रायाची रचना नीट पाहा. त्याने प्रथम गुण कबूल केला, आणि तो तोंडदेखला नव्हे. भास्करभट्टाची वर्णनशक्ती खरोखरच मोठी होती. मग उणीव सांगितली. पण ‘वाईट झाले’ असे मोघम म्हटले नाही. कोणासाठी लिहिले आणि कोणाच्या उपयोगी पडेल, या दोहोंतले अंतर दाखविले. पंथ संन्याशांचा, वाचक संन्याशी, आणि काव्य मात्र राजवाड्यातल्या बागेचे. ही उणीव कवीला स्वतःला दिसणे कठीण होते, कारण तो बागेत होता. बाहेर उभा असलेला मित्रच ती दाखवू शकत होता. तिसरी गोष्ट अशी की त्याने कवीच्या हातातून लेखणी काढून घेतली नाही. अमुक ओव्या गाळ, तमुक घाल, असे तो म्हणाला नाही.

भास्करभट्टाने काय केले? तो रुसून बसला नाही आणि पोथी जाळलीही नाही. त्याने दुसरा ग्रंथ लिहावयास घेतला. भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला अखेरचा उपदेश करतात, त्यावर त्याने ‘उद्धवगीता’ रचली. तीत वैराग्य आहे, निरोपाचे दुःख आहे, आणि तरीही हात तोच आहे. एका वाक्याच्या टीकेतून मराठीला एक आख्खा ग्रंथ मिळाला! आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. महानुभावांनी आपल्या काव्यांतले सात ग्रंथ श्रेष्ठ म्हणून निवडले, ‘साती ग्रंथ’ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्या सातांत उद्धवगीता तर आहेच, पण संन्याशांच्या कामाचा नाही म्हटलेला शिशुपालवधही आहे. म्हणजे ज्यांनी दोष दाखविला त्यांनीच ग्रंथ जपला. सांकेतिक लिपीत लिहून, पोथ्या बासनात बांधून, पिढ्यान्‌पिढ्या जपला. विसाव्या शतकात राजवाड्यांनी त्या लिपीचे कुलूप उघडले आणि आपल्या विदर्भाच्या डॉ. वि. भि. कोलत्यांनी जन्मभर या पोथ्यांचा पिच्छा पुरविला, म्हणून आज माझ्यासारख्या जिनातल्या माणसाला हे वाचावयास मिळते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, इ. स. १२९० साली झाली. लोकांना ती इतकी आवडली की जो तो आपल्या हाताने उतरवून घेऊ लागला. आणि उतरवता उतरवता भक्ताला राहवत नसे. एखादी ओवी त्याला अपुरी वाटे, तो जवळची एक जोडी. एखादा शब्द जुना वाटे, तो बदली. यात दुष्टावा मुळीच नव्हता. उलट प्रेमच अति झाले होते. तीनशे वर्षांत असा प्रकार झाला की मूळ कोणते आणि भक्ताचे कोणते, हे ओळखेनासे झाले. तेव्हा एकनाथांनी पुष्कळ प्रती जमविल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी लिहून ठेवले की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवील.

किती कडक शब्द! पण हे शब्द कोणाचे, ते विसरू नका. ज्याने स्वतः रुक्मिणीस्वयंवर लिहिले, भागवताच्या त्याच अकराव्या स्कंधावर हजारो ओव्यांची टीका १५७३ साली काशीत पुरी केली, रामायण मराठीत नव्याने सांगावयास घेतले, त्याचे हे शब्द आहेत. दुसऱ्याच्या कथेवर लिहू नका, असे एकनाथ म्हणूच शकत नव्हते. त्यांचे सांगणे असे दिसते: तुझे प्रेम आहे ना, मग आपली पोथी वेगळी घे, तिच्यावर आपले नाव घाल आणि वाटेल तेवढे लिही. दुसऱ्याच्या पोथीत चोरपावलांनी शिरू नकोस. आमच्या युनियनच्या वहीतही हाच नियम आहे. सभेचे इतिवृत्त जसे झाले तसे राहिले पाहिजे. ज्याला वेगळे म्हणावयाचे असेल त्याने आपल्या सहीने भिन्न मत जोडावे.

आणि एकनाथांना स्वतःला टीका चुकली होती काय? त्यांच्या भागवताचे पहिले अध्याय काशीला पोचले तेव्हा तिथल्या पंडितांनी प्राकृतात हे लिहिलेच कसे म्हणून त्यांना बोलावून घेतले, अशी कथा आहे. ग्रंथ गंगेत बुडवावा इथपर्यंत गोष्ट गेली होती, असे सांगतात. पण मग कोणीतरी तो वाचावयास लागले आणि वाचल्यावर विरोध मावळला. कथेतला चमत्काराचा भाग सोडून द्या. न वाचता केलेली टीका आणि वाचून केलेली टीका यांत किती अंतर असते, तेवढे त्यातून घ्या.

एकनाथांचे भावार्थरामायण त्यांच्या हातून पुरे झाले नाही. परंपरा सांगते की युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत त्यांचे लेखन, आणि पुढचे गावबा नावाच्या शिष्याचे. हा गावबा पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी राहिलेला, मंद समजला जाणारा मुलगा. गुरूच्या पात्रांना गुरूच्या पश्चात पुढे नेणारा हा आपला थोर ‘फॅन’ म्हणावयास हरकत नाही. त्याला नाथांच्या घरात कोणी काय सांगितले असेल, कोणती ओवी परत लिहावयास लावली असेल, याची नोंद नाही. पण मंद म्हटल्या गेलेल्या मुलाचा हात अचानक तयार होत नाही, एवढे मला तीस वर्षांच्या अभ्यासवर्गांनी शिकविले आहे.

टीकेचा जो प्रकार माणसाला मारतो, त्याचेही एक उदाहरण दिलेच पाहिजे, नाहीतर मी सगळी गोड गोड कथा सांगितली असे होईल. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी दशावतारांच्या कथा उलट बाजूने सांगितल्या; वामनाच्या बाजूने नव्हे तर बळीच्या. ज्याच्या डोक्यावर पाय पडला त्याच्या जागी उभे राहून कथा पाहावयाची, हे धाडस पुराणाच्या कोणत्याही पंडिताला सुचले नव्हते. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली आणि तीत पुढे फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला गेला. शास्त्रीबोवांची लेखणी अजोड, यात मला संशय नाही. मराठी गद्य कसे चालवावे हे मीही त्यांच्यापासून शिकलो. पण त्यांनी थट्टा कशाची केली? व्याकरणाची, शब्दांची, शुद्धलेखनाची. बळीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. जोतीराव कणखर, म्हणून लिहीतच राहिले. परंतु त्यांच्या मागे जे शेकडो माळी, कुणबी, महार, कोष्टी पहिल्यानेच लेखणी धरीत होते, त्यांतल्या किती जणांनी ती थट्टा ऐकून लेखणी खाली ठेवली असेल? ती गणती कोणत्याही इतिहासात मिळावयाची नाही.

ही गोष्ट मला इतकी का झोंबते, ते सांगतो. सोळासतरा वर्षांचा असताना मी कर्णावर एक आख्यान लिहिले होते. एका विद्वान गृहस्थांना भीतभीत दाखविले. त्यांनी पहिले पान वाचले, चार ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाला तांबडी शाई लावली आणि ‘आधी लिहायला शिक’ म्हणून वही परत केली. ते खोटे बोलले नव्हते. चुका होत्याच. पण कर्णाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर वीस वर्षे मी मागणीपत्रांशिवाय काही लिहिले नाही.

पण मागणीपत्रानेच मला टीका शिकविली. आमच्याकडे पद्धत अशी आहे की मागणीपत्राचा खर्डा जिनाच्या फाटकाशी, रुईच्या गाठींवर बसून सगळ्यांना वाचून दाखवावयाचा. एकदा मी फार जोरदार भाषेत एक कलम लिहिले होते. टाळ्या पडल्या. एक म्हातारा हमाल तेवढा गप्प. मागाहून म्हणाला, “भाऊ, वाचाले लय झ्याक हाय. पण मालक इचारन का हंगाम किती दिवसाचा धरला, तं तुमी काय सांगान?” मी हंगामाचे दिवस लिहावयाचेच विसरलो होतो! बाकी सगळे कलम डौलात उभे, आणि खालचा दगडच नाही. त्या दिवसापासून मला टाळी वाजवणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्याची भीती वाटते आणि गरजही वाटते.

मात्र शिकलेले माणूस विसरते. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका कामगाराच्या मुलाने मला एक वही आणून दिली. तीत त्याने रुक्मीची कथा लिहिली होती. रुक्मी, रुक्मिणीचा भाऊ. सगळ्या स्वयंवरांतला खलपुरुष. या मुलाने त्याच्या बाजूने लिहिले होते. बहीण न सांगता गेली, भावाने पाठलाग केला, हरला, श्रीकृष्णाने त्याचे केस कापून विद्रूप केले. पुढे त्या मुलाने रचले होते की रुक्मी कुंडिनपुरात परततो आणि बहिणीच्या रिकाम्या महालात रात्रभर बसून राहतो. वाचताना मला एक जागा खटकली होती. पण मुलाचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते, मला माझी तांबडी शाई आठवली, आणि मी म्हणालो, “वा, फक्कड!” एवढेच करून थांबलो असतो तर बरे, पण मी गणेशोत्सवात त्याचे वाचनही ठेविले.

वाचन रंगले. शेवटी मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले, चातुर्मासात पोथी सांगणारे. ते म्हणाले, “कारे बापू, रुक्मीनं तं शपत घेतली होती नं, का कृष्णाले मारल्याबिगर अन् बहिणीले आणल्याबिगर कुंडिनपुरात पाय ठेवनार नाई? मंग थो महालात आला कसा?” भागवतात तसेच आहे, म्हणून तर रुक्मी परतला नाही, भोजकट नावाचे नवे नगर वसवून तिथेच राहिला. मंडप हसला. कोणीतरी शिटीही मारली. मुलगा वही मिटून खाली उतरला आणि पुढचे चार महिने मला दिसला नाही.

दोष त्या वृद्धांचा नव्हता. त्यांनी विचारले ते रास्त होते, मात्र जागा चुकली. आणि जागा चुकण्याचे कारण मी होतो. जे मला माझ्या खोलीत, चहाच्या कपावर सांगावयास पाहिजे होते, ते त्या मुलाला चारशे लोकांपुढे ऐकावे लागले. माझ्या वेळच्या विद्वानांनी तांबड्या शाईने जे केले, तेच मी साखरेने केले.

शेवटी मीच त्या पोथीवाल्या आजोबांना घेऊन मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. आजोबा त्याला म्हणाले, “बापू, म्या हसलो नाई. म्या इचारलं.” मग ते स्वतःच विचार करू लागले. शपथ मोडता येत नाही, पण गावात पाय ठेवू नये एवढीच शपथ आहे ना. मग नदीच्या पलीकडे उभे राहावयास कोण अडवतो? हे ते सहज बोलून गेले. मुलाने तोंड इकडे केले.

महिन्याभराने नवीन वही आली. आता रुक्मी महालात बसत नाही. रात्री एकटा वर्धेच्या पैलतीरावर येऊन उभा राहतो. ऐलतीरावर कुंडिनपुरातले दिवे दिसतात, आई ज्या ओसरीवर दिवा ठेवते ती त्याला ओळखू येते, पाणी तर गुडघाभरच आहे, आणि तो पाय घालत नाही. पहिल्या खर्ड्यात बहिणीबद्दलचा राग होता. यात राग आहेच, शिवाय आपल्याच तोंडच्या शब्दाने घराबाहेर राहिलेला माणूस आहे. मला एवढे लिहिता आले नसते. ती शपथ जर आजोबांनी आठवून दिली नसती तर त्या मुलालाही सुचले नसते.

विस्ताराने सांगितले याची क्षमा असावी. १९७३ साली याच यवतमाळात साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून त्यांची छप्पन्न गीते महाराष्ट्राने ऐकली. राम त्यांचा नव्हता, सीता त्यांची नव्हती. १९५९ सालच्या ‘ययाति’त वि. स. खांडेकरांनी महाभारतातले पात्र घेऊन त्याला विसाव्या शतकातला माणूस केला आणि आपण काय बदलले व का, हे ग्रंथाच्या शेवटी वाचकाला मोकळेपणाने सांगितले. १९७४ चे ज्ञानपीठ त्या कादंबरीला मिळाले. इतक्या थोर नावांच्या रांगेत आमच्या वहीचे नाव घेणे धाष्टर्याचे होईल, म्हणून घेत नाही.

वहीचा तिसरा खर्डा सध्या माझ्याकडे आहे. मी पेन्सिलीने अकरा ठिकाणी खुणा केल्या. शाईने नव्हे, मुद्दाम. त्यांतल्या सात त्याने मान्य केल्या. चारांवर तो माझ्याशी भांडला. एके ठिकाणी माझे म्हणणे होते की रुक्मीने नदीकाठी रडू नये, तो क्षत्रिय आहे. मुलगा म्हणाला, “काका, त्याला बघायला तिथं कोणीच नाही ना.” ती खूण मी खोडून टाकली आहे. उरलेल्या तिहींवर रविवारी पुन्हा बसावयाचे ठरले आहे. आजोबांनाही बोलावले आहे.